ढगामागचा आवाज

सुमीबाई,

शनिवारची दुपार झाली की गाडी अजून तुमच्याच रस्त्याला वळते. तळ्याकाठचा उतार, पांढऱ्या चर्चनंतर डावीकडे, मग तुमच्या दारातला मेपल. मी समोर गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि बसून राहतो. तळघराच्या बसक्या खिडकीत उजेड नसतो. काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरते, घर हळूहळू पुसट होत जातं, आणि त्या पुसटपणात क्षणभर वाटतं की आत वर्ग चालू आहे, मीच जरा लवकर आलोय. मागच्या शनिवारी वॉल्टर बाहेर आले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, आत ये, चहा घे. मी म्हणालो, नको, इथून जातच होतो. तुमच्या यजमानांचा जन्म लोकांचे पियानो जुळवण्यात गेला. सूर किंचित उतरला तरी त्यांना कळतो. ते गाडीच्या छपरावर नुसता हात थोपटून गेले.

तुम्हाला 'बाई' करून टाकलं ते माझ्या बायकोनं, अनघानं. दोन हजार एकच्या हिवाळ्यात आम्ही बोस्टनजवळच्या श्रूजबरीत नवे होतो, मुक्ता सहा वर्षांची होती, आणि कुणीतरी सांगितलं की तळ्यापलीकडे एक जपानी बाई मुलांना पियानो आणि गाणं शिकवतात. अनघा फोनवर सगळ्यांना 'आमच्या सुमीबाई' म्हणू लागली, मुलं 'मिस सुमी' म्हणू लागली, आणि सुमिए हे तुमचं पूर्ण नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं. एकदा तुम्ही मला विचारलंत, बाई म्हणजे काय. मी म्हणालो, शाळेत शिकवते ती बाई, आणि कुठलीही मोठी स्त्री तीही बाईच. तुम्ही बराच वेळ हसत राहिलात. म्हणालात, आमच्याकडे मला कुणी 'मुलगी'च्या पुढे जाऊच दिलं नाही, तुमच्याकडे आल्या आल्या बढती. मला मात्र तुम्ही नावानं कधी हाक मारली नाहीत. मी कायम 'मुक्ता-पापा'. पोराच्या नावानं बापाला ओळखायची तुमच्याकडची ही रीत आमच्याकडेही आहे, हे सांगितल्यावर तुम्ही मान हलवलीत, जणू तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं.

तुमचा वर्ग जागेपणी जसा होता तसाच आता झोपेत दिसतो. खाली जुना गालिचा, कोपऱ्यात पिवळा दिवा, गोल करून बसलेली मुलं, सगळ्यांच्या पायात लोकरीचे मोजे. आज येताना काय ऐकलंत, हा तुमचा पहिला प्रश्न. कुणी म्हणे वायपर, कुणी बर्फ ढकलणारा ट्रक, एका पोरानं एकदा सांगून टाकलं, आईबाबांचं भांडण. तुम्ही तो आवाज पियानोवर शोधायच्या, डोळे मिटून, एकेक पट्टी हलकेच दाबत, आणि सापडला की सगळ्या मुलांनी तो सूर धरायचा. भांडणाचाही सूर सापडला होता. तो पोरगा खूश झाला होता. इतकं झालं की तुम्ही वर येऊन जिन्याचं दार लावून घ्यायच्या. गाताना पालक नकोत. पुढचं सगळं लाकडाच्या पलीकडून यायचं, पाण्याखालून आल्यासारखं.

दुसऱ्या वर्षी माझी नोकरी गेली. व्हिसा नोकरीवर टांगलेला, आणि ऑफिसांतून माणसं रोज कमी होत होती. मी घरी सांगितलं नव्हतं. मुक्ताला सोडायला आलो की तुमच्या जिन्याच्या बंद दाराबाहेर बसायचो आणि मला झोप लागायची. घरी लागत नसे, तिथे लागायची. एकदा जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होतं आणि पाठीमागे उशी. मुक्ता वॉल्टरबरोबर स्वयंपाकघरात बिस्किटं खात होती आणि खिडकीबाहेर बर्फ इतक्या सावकाश पडत होता की तो खाली येतोय की वर जातोय तेच कळत नव्हतं. पुढच्या वेळी उशी आधीपासून ठेवलेली होती. नोकरी पुन्हा लागली, माणसं तेवढं विसरतात, पण त्या झोपेचं ऋण मी मनात बाळगून होतो. ते फेडायला म्हणून जे केलं तेच तुमच्या अंगावर आलं.

आपलं एक भांडण मात्र पहिल्या वर्षापासून चालू होतं. वर्षातून एकदा तुम्ही मुलांचा कार्यक्रम करायच्या, आणि मुलं तिथेही गोल करून उभी राहायची, एकमेकांकडे तोंड करून. प्रेक्षकांना दिसायच्या नुसत्या पाठी. आमचे मराठी लोक कॅमेरे, तिपाया घेऊन आलेले, आजी-आजोबांना भारतात सीडी पाठवायची असायची. नागपूरचे एक काका दरवर्षी मोठ्यानं म्हणत, "आम्ही काय वेण्या बघायला आलो का इथं?" मी त्यांची बाजू घेऊन तुमच्याशी वाद घालायचो. चेहरा दिसायला हवा, लोक चेहरा बघायला येतात. तुमचं उत्तर ठरलेलं: मुलाकडे बघायला लागलं की मूल ऐकायचं थांबतं. मला ते जपानी संकोचाचं लक्षण वाटायचं. कौतुकाला इतकं कसलं घाबरायचं, असंही मी एकदा म्हणालो. तुम्ही चहा ओतत राहिलात.

मग ऑफिसात एक जपानी सहकारी आला. माझ्या टेबलावरचा कार्यक्रमाचा फोटो बघून तो उभाच राहिला. म्हणाला, या इथे कशा? त्याच्या आईच्या कपाटात तुमच्या तबकड्या होत्या. त्यानं मला कॉम्प्युटरवर एक चित्रफीत काढून दाखवली. एकोणीस-वीसची मुलगी, पिवळा आखूड झगा, पांढरे बूट, मागे रंगवलेला प्रचंड मोठा पांढरा ढग. ती दोन बोटं पाखरासारखी हलवत होती आणि गात होती. सुमीबाई, तो आवाज. स्वच्छ, उंच, थंड पाण्यासारखा. मी तो जेवणाच्या सुट्टीत ऐकला, घरी आल्यावर ऐकला, बर्फ उपसताना ऐकला. आणि मला वाटलं, आता कळलं. एवढं मोठं वैभव ही बाई तळघरात लपवून बसली आहे, आणि आपण तिला वेण्यांवरून बोलतोय.

मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव होतो. आपल्या लोकांना कुणाबद्दल प्रेम वाटलं की ते व्यक्त करायची एकच पद्धत ठाऊक असते: सत्कार. आणि ज्याचा सत्कार करायचा त्याला विचारायचं नसतं, कारण विचारलं तर तो नको म्हणणार, हे गृहीत असतं. दिवाळीच्या कार्यक्रमात तुमची मुलं गाणार होतीच. त्याआधी शाळेच्या त्या मोठ्या सभागृहातले दिवे मी मंद करायला लावले, पडद्यावर ती चित्रफीत लावली, आणि माईक हातात घेऊन म्हणालो, "मंडळी, हा आवाज ऐका. हा आवाज आज आपल्यात बसलेला आहे." माना वळल्या. तुम्ही पाचव्या-सहाव्या रांगेत होता, मुलांचे कोट मांडीवर घेऊन. तुम्हाला वर आणलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. मागून आरोळ्या सुरू झाल्या, गाणं, गाणं. तुम्ही शाल काढलीत, तिची नीट घडी केलीत, नारळ तिच्यावर ठेवलात आणि इतक्या खाली वाकलात की टाळ्या आणखी वाढल्या. मग माईकवर हळूच म्हणालात, मुलं गातील. मी माझ्या शेजारच्याला म्हणालो, बघ, किती साधी बाई आहे. आपल्याला नम्रता फार आवडते, सुमीबाई. समोरचा माणूस गुदमरतोय की नम्र आहे, यातला फरक आपण करत नाही.

पुढच्या शनिवारपासून वर्ग बदलला. मुली दारातच ती दोन बोटं पाखरासारखी हलवायच्या आणि एकमेकींवर पडून हसायच्या. आया तुम्हाला विचारू लागल्या, हिला स्टेजसाठी तयार कराल का, चेहरा बरा आहे ना हिचा? एका संध्याकाळी मी मुक्ताला न्हाणीघराच्या आरशासमोर बघितलं. गळ्यातून आवाज निघत नव्हता, नुसते ओठ हलत होते, हसणं तेवढं अगदी तंतोतंत. ती आता ऐकत नव्हती, स्वतःकडे बघत होती. तुमचं म्हणणं मला त्या आरशात पहिल्यांदा दिसलं.

मी माफी मागायला आलो. तुमचा तो नारळ पियानोवर होता. तुम्ही म्हणालात, वॉल्टरला हा इतका आवडला की तो यावर बोटांनी ताल धरतो, पण याचं नंतर काय करायचं असतं? मी म्हणालो, फोडायचा. "मग मला देण्याऐवजी तिथेच फोडायचा होता," तुम्ही म्हणालात, आणि हसलात, आणि हसता हसता थांबलात.

मग तुम्ही सांगितलंत. बंदराच्या गावातून एका स्पर्धेत तुमची निवड झाली तेव्हा तुम्ही सतरा वर्षांच्या होता. कंपनीनं केस ठरवले, हसणं ठरवलं, काय खायचं ते ठरवलं. वसतिगृहात तुमच्या खोलीत काझुको नावाची मुलगी होती. तिचा आवाज कंपनीला हवा होता, चेहरा नको होता. तुमचं उलटं. तबकड्यांवर तिचा आवाज, वर तुमचा फोटो. टीव्हीवर तुम्ही ढगासमोर उभ्या राहायच्या, ती ढगाच्या मागे स्टुलावर. घशासाठी ती कापराचा वास असलेल्या गोळ्या चघळायची, तो वास पुढे यायचा, आणि त्या वासावरून तुम्हाला कळायचं की आता ती श्वास घेतेय, आता ओठ उघडायचे. काही वर्षं असं चाललं. मग तिचे वडील आजारी पडले आणि ती गावी गेली ती परत आली नाही. कंपनी तुम्हाला म्हणाली, आता तूच गा. तुम्ही एका कार्यक्रमात गायलात. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की गळ्याच्या आजारामुळे विश्रांती. ती विश्रांती कायमची झाली. पुढे तुम्ही बोस्टनला आलात आणि तिशीनंतर, तुमच्याहून खूप लहान मुलांच्या शेजारी बसून, पहिल्यापासून संगीत शिकलात. लोकांनी बघू नये, फक्त ऐकावं, अशी जागा तुम्ही या तळघरात तयार केलीत.

मी विचारलं, काझुकोला शोधलं नाही? तुम्ही म्हणालात, "शोधलं असतं तर सापडली असती. म्हणून शोधलं नाही."

बाहेर मेपलची पानं पडत होती. त्या दुपारचा प्रकाश मला अजून आठवतो, मधासारखा दाट, त्यात तुमचे हात. मी विचारलं, मी आता काय करू? तुमचा आवाज पहिल्यांदाच जरासा कडक झाला.

"मुक्ता-पापा, ती शाल माझी नाही. तुम्ही माईकवर बोललात ना, मग माईकवरच दुरुस्त करा. पण आत्ता नको. मला ते ऐकायची हिंमत नाही. मी नसेन तेव्हा करा. तुमचे लोक माणूस गेल्यावर सभा घेतात, मला माहीत आहे. तेव्हा तिचं नाव घ्या."

मी शब्द दिला. तेव्हा तो फार लांबचा वाटला. तुम्ही नेहमीसारख्या शिकवत होता, वॉल्टरला रागावत होता, पानगळीत दारापुढे वसंतातल्या फुलांचे कंद लावत होता. मग खोकला झाला, खोकल्याचं दुसरंच काही निघालं, आणि या हिवाळ्यात तुम्ही गेलात. शेवटी भेटलो तेव्हा तुम्ही त्याबद्दल काहीच बोलला नाहीत, आणि मीही नाही. विश्वास होता म्हणून बोलला नाहीत, की अपेक्षा सोडली होती म्हणून, हे आता कुणाला विचारू?

सभा झाली, सुमीबाई. त्याच सभागृहात. तुमच्या फोटोला हार घातला होता. नव्या सचिवानं, मला न विचारता, तीच चित्रफीत लावली, कारण ती मीच मंडळाला दिली होती आणि ती मंडळाच्या संग्रहात होती. ढग आला, पिवळा झगा आला, तो आवाज आला. लोक रडू लागले. नागपूरचे काका रुमाल डोळ्यांना लावून बसले होते. मग पहिलं नाव पुकारलं गेलं ते माझं. मी माईकपाशी गेलो. वाक्य मी घोकून आलो होतो. समोर ती सगळी ओली तोंडं होती आणि मला वाटलं, आत्ता हे सांगितलं तर यांचं रडणं खोटं ठरेल, आणि ते तर खरं होतं. मी तोंड उघडलं आणि ऐकू आलं ते हे: "असा आवाज पुन्हा होणे नाही."

म्हणजे मी तुम्हाला दुसऱ्यांदा ढगासमोर उभं केलं. या वेळी तर तुम्हाला शाल काढून ठेवायचीही सोय नव्हती.

परत येताना गाडीत अनघा नव्हती, ती आवराआवरीला थांबली होती. मी आणि मुक्ता. मुक्ता आता तेरा वर्षांची आहे, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि बहुतेक वेळा खिडकीबाहेर बघते. तळ्यावरचा बर्फ अर्धवट वितळला होता, त्यावर धुकं होतं, पूल कुठे संपतो ते दिसत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असं का बोललात? दॅट वॉजन्ट हर व्हॉइस."

मी गाडी कशीबशी पुलाच्या टोकाला नेली आणि कडेला घेतली. तुला कुणी सांगितलं?

"मिस सुमीनं. सगळ्यांनाच. दिवाळीनंतर आम्ही ते बोटांचं करत होतो ना, तेव्हा." तिनं खांदे उडवले. "ती म्हणाली, हा माझ्या मैत्रिणीचा आवाज आहे, तिचं नाव काझुको. आणि म्हणाली, मोठ्यांना सांगू नका, ते प्रोग्रॅम करतील."

मला हसू आलं आणि रडू आलं. सुमीबाई, मी हे गुपित एवढं ओझं करून वाहत होतो, आणि मोजे घातलेली ती सगळी पोरं ते खिशात घालून सहज फिरत होती. मुक्ता पुढे म्हणाली की त्यानंतर दर शनिवारी तुम्ही दार लावलं की आधी ते नाव म्हणायचं, सगळ्यांनी मिळून, तीन चढत्या सुरांवर. का, झु, को. मग बाकीचं गाणं. तुम्हीही त्यांच्यात बसून म्हणायच्या.

मी मुक्ताला म्हणालो, म्हणून दाखव.

ती म्हणाली, एकटीनं म्हणत नसतात ते. मग माझ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि म्हटलं. मला त्या चित्रफितीतल्यासारखं काहीतरी ऐकू येईल असं वाटत होतं, उंच, थंड पाण्यासारखं. तसं काही नव्हतं. खालचा आवाज होता, किंचित खरखरीत, छातीतून निघालेला, घाई नसलेला. हिच्या आईचा आवाज असा नाही, माझा तर नाहीच. मी विचारलं, असं गायला कुणाकडून शिकलीस? ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली की बापाला एवढंही कळू नये याची तिला लाज वाटली असावी.

सुमीबाई, आमच्या मंडळाचा अंक चारशे घरांत जातो की चाळीस, मला ठाऊक नाही. हे पत्र मी त्यात छापायला देतोय; जिथे अंक जातो तिथे ते वाचलं जावं. त्या गाण्यात आवाज काझुकोचा होता. दिवाळीत वाजल्या त्या आणि सभेत आवरून धरल्या त्या, दोन्ही टाळ्या तिच्या. पुढच्या कार्यक्रमात मी माईक मागणार आहे आणि हेच तोंडानं सांगणार आहे. मुक्ताला विचारलं, तेव्हा तू आणि बाकीची मुलं माझ्या शेजारी उभी राहाल का? ती म्हणाली, राहू, पण लोकांकडे पाठ करून.

मी वाद घातला नाही.